डबक्यातल्या जिवांचा अभ्यास: नाव सगळ्यात शेवटी

पाऊस सुरू झाला की माझ्या फोनवर फोटो येऊ लागतात. काचेच्या ग्लासात गढूळ पाणी, त्यात एक पांढुरका ठिपका आणि खाली प्रश्न: "मॅडम, हा कोणता प्राणी?" विचारणारी मुलं मनापासून विचारतात. बीएस्सी, एमएस्सी करत असतात, गावच्या तळ्यातून किंवा भातखाचरातून पाणी आणलेलं असतं. तरी मला उत्तर देता येत नाही. त्या ठिपक्याचं नाव त्याच्या पायांच्या पाचव्या जोडीवरच्या काट्यांवरून ठरतं, आणि ते काटे फोटोत तर सोडाच, साध्या भिंगातूनही दिसत नाहीत.

या कामाची सुरुवात नावापासून केली की पुढचं सगळं बिघडतं. नमुना कसाही घेतला जातो, कशातही बुडवला जातो, लेबल राहून जातं, आणि मग दोन वर्षांनी प्रबंधात जी यादी छापली जाते तिच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. ज्यांना या प्राण्यांच्या अभ्यासातच पुढचं आयुष्य काढायचं आहे त्यांच्यासाठी मी इथे कामाचा क्रम सविस्तर मांडते आहे. हा क्रम मोडू नका.

टप्पा १: एक गट आणि एक टापू ठरवा

"गोड्या पाण्यातले सूक्ष्म प्राणी" हा विषय होत नाही, तो सात-आठ विषयांचा गठ्ठा आहे. सुरुवातीला खालच्यांपैकी एकच गट घ्या.

क्लॅडोसेरा, म्हणजे पाणपिसवा. नवख्यांना मी हाच गट सुचवते. पुष्कळ जाती अख्ख्या प्राण्यावरून, स्लाइडवर आडव्या ठेवून ओळखता येतात.

कोपेपॉड, म्हणजे कोळंबीचे चिमुकले नातलग. इथे एक मिलिमीटरच्या प्राण्याचे पाय सुटे करावे लागतात. हात स्थिर असेल आणि चिकाटी असेल तर यासारखा समाधान देणारा गट नाही.

रोटिफर, म्हणजे डोक्यावर केसांचं चक्र फिरवणारे जीव. बहुतेक अर्ध्या मिलिमीटरच्या आतले. चांगला कंपाउंड मायक्रोस्कोप रोज हाताशी नसेल तर यांच्या नादी लागू नका, कारण मऊ अंगाचे रोटिफर जिवंतच पाहावे लागतात.

ऑस्ट्रॅकॉड, म्हणजे शिंपल्यासारख्या कवचातले चिमुकले जीव, आणि फेअरी श्रिंप, क्लॅम श्रिंप यांसारखे मोठे ब्रँकिओपॉड, म्हणजे पानासारख्या पायांचे कोळंबीचे नातलग. यांवर काम करणारे आपल्याकडे थोडे आहेत. त्यामुळे करण्यासारखं खूप आहे, पण अडलं तर विचारायला माणूस शोधावा लागतो.

टापू निवडताना काससारख्या प्रसिद्ध पठाराचा मोह होतो. पण वर्षातून एकदा केलेल्या सहलीतून मिळते ती अर्धी यादी. त्यापेक्षा दर पंधरा दिवसांनी जाता येईल असं गावतळं, बारव, पाझर तलाव किंवा कोकणात असाल तर घरामागचा सडा, म्हणजे जांभ्याचा उघडा माळ, घ्या. एकाच डबक्यात जुलैच्या पहिल्या आठवड्यात असलेले प्राणी ऑगस्टअखेर नसतात आणि त्यांच्या जागी दुसरेच आलेले असतात. हे एका फेरीत कधीच कळत नाही.

तपासा: तुमचा गट आणि तुमची जागा एका वाक्यात सांगता येते का? "सावंतवाडी तालुक्यातल्या तीन सड्यांवरच्या पावसाळी डबक्यांतले क्लॅडोसेरा" हे चालेल. "सिंधुदुर्गातलं प्राणिप्लवक" चालणार नाही.

टप्पा २: परवानगी, साहित्य आणि स्वतःचा जीव

आधी परवानगी. अभयारण्य, राष्ट्रीय उद्यान किंवा राखीव जंगल असेल तर वनविभागाची लेखी परवानगी लागते आणि ती मिळायला महिने जातात. पावसाळ्यात काम करायचं असेल तर अर्ज हिवाळ्यातच करा. गावतळ्यासाठी ग्रामपंचायतीला, देवळाच्या कुंडासाठी विश्वस्तांना, धरणासाठी जलसंपदा विभागाला पत्र द्या. खासगी विहिरीच्या मालकाला तोंडी विचारलं तरी वहीत त्याची नोंद करा. पुढे शोधनिबंध पाठवताना परवानगीचा क्रमांक मागितला जातो, तेव्हा तो उभा करता येत नाही.

साहित्याची यादी लहान आहे. ५० ते ६० मायक्रॉन छिद्रांच्या नायलॉन कापडाची प्लँक्टन जाळी. १५० मायक्रॉनची जाळी स्वस्त मिळते आणि कमी तुंबते, पण तिच्यातून बहुतेक रोटिफर आणि कोपेपॉडांची लहान पिल्लं निसटून जातात. एक दहा लिटरची बादली, रुंद तोंडाच्या झाकणबंद बाटल्या, ड्रॉपर, थर्मामीटर, पीएच आणि वाहकता मोजायचं खिशातलं यंत्र, शिसपेन्सिल आणि जाड ट्रेसिंग पेपर. शेवटच्या दोन वस्तू विसरलात तर घरी परत या.

सावधान: पावसाळ्यात पायाला जखम असताना साचलेल्या पाण्यात उतरू नका. कोकणात लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) धोका खरा आहे, गमबूट घाला. सडा ओला असताना शेवाळावरून पाय सटकतो. विहिरीवर किंवा बारवेत एकट्याने कधीही जाऊ नका.

टप्पा ३: पाण्यावर गेल्यावर काय आधी, काय नंतर

गेल्या गेल्या पाण्यात पाय घालायचा नाही. काठावर उभं राहून आधी जागेचा फोटो, अक्षांश-रेखांश, वेळ आणि पाण्याचा रंग टिपायचा. मग पाणी न ढवळता तापमान, पीएच आणि वाहकता. त्यानंतर उघड्या पाण्यातला नमुना, मग पाणवनस्पतींमधला, आणि तळाच्या चिखलाजवळचा शेवटी. उलट केलंत तर तळाचे प्राणी वर येतात आणि उघड्या पाण्यात कोण राहतं याची नोंद कायमची चुकते.

पाणवनस्पतींचा नमुना जवळजवळ सगळेच टाळतात, कारण जाळी गवतात अडकते. पण क्लॅडोसेरांपैकी कायडोरिड कुळातल्या जाती बहुतांशी तिथेच असतात. मुळं, शेवाळाचे पुंजके, पाण्यात बुडालेलं गवत बादलीत घेऊन जोरात हलवा, गवत काढून टाका आणि ते पाणी जाळीतून गाळा. माझ्या पहिल्या दोन हंगामांत मी फक्त उघडं पाणी गाळत होते. तिसऱ्या वर्षी त्याच तळ्याच्या काठच्या गवतात बादली बुडवली, आणि एका सकाळी यादी जवळपास दुप्पट झाली. ती दोन वर्षं परत मिळाली नाहीत, कारण तळं नंतर गाळ काढून खोल करण्यात आलं.

संख्या मोजायची असेल तर उथळ पाण्यात जाळी ओढण्यापेक्षा बादलीने मापून ओता. ३० सेंटिमीटर व्यासाची जाळी १० मीटर ओढली तर हिशेबाने सुमारे ७०० लिटर पाणी गाळलं जातं, पण शेवाळ असलेल्या तळ्यात जाळी अर्ध्यातच तुंबते आणि तो आकडा खोटा ठरतो. चार बादल्या म्हणजे ४० लिटर, यात शंका उरत नाही. समजा ते गाळून १०० मिलिलिटर केलं आणि सेजविक-राफ्टर या एक मिलिलिटरच्या मोजणीच्या स्लाइडवर सरासरी १२ प्राणी मिळाले. तर १२ गुणिले १०० भागिले ४०, म्हणजे लिटरमागे ३०. गाळलेल्या पाण्याचं माप वहीत नसेल तर हा भागाकारच करता येत नाही, आणि तरीही छापलेल्या तक्त्यांत असे आकडे दिसतात.

प्रत्येक जागेची एक बाटली जतन न करता जिवंत आणा. अर्धी रिकामी ठेवा, ओल्या फडक्यात गुंडाळा, बंद गाडीत उन्हात ठेवू नका.

सावधान: एका डबक्यातून दुसऱ्यात जाताना जाळी, बादली आणि बुटाचे तळवे खळखळून धुवा. या प्राण्यांची सुप्त अंडी कापडाला आणि चिखलाला चिकटून प्रवास करतात. न धुतलेली जाळी म्हणजे खोटी नोंद, शिवाय परका प्राणी नव्या पाण्यात सोडल्याचं पाप.

टप्पा ४: जतन, जिथे सर्वांत जास्त नमुने मरतात

फॉर्मलिनचा घोळ आधी मिटवू. दुकानातल्या बाटलीत सुमारे ३७ ते ४० टक्के फॉर्मल्डिहाइड असतं. तिचा एक भाग आणि पाण्याचे नऊ भाग घेतले की होतं ४ टक्के फॉर्मल्डिहाइड, त्यालाच १० टक्के फॉर्मलिन म्हणतात. पुस्तकात "४ टक्के" वाचून मुलं ९६ मिलिलिटर नमुन्यात बाटलीतलं ४ मिलिलिटर घालतात. इतक्या पातळ द्रावणात नमुना कुजू शकतो. ९० मिलिलिटर नमुन्यात १० मिलिलिटर घाला, एवढं पाठ करून ठेवा.

क्लॅडोसेरा नुसत्या फॉर्मलिनमध्ये फुगतात, कवच उघडतं आणि पाठीवरच्या कप्प्यातली अंडी बाहेर सांडतात. त्यासाठी तयार द्रावणात लिटरमागे ४० ग्रॅम साखर विरघळवा. घरातली साखर चालते. ऑस्ट्रॅकॉडांचं कवच चुन्याचं असतं आणि आम्ल झालेलं फॉर्मलिन ते खातं, म्हणून त्यांना अल्कोहोलमध्येच ठेवा.

डीएनए काढायचा असेल तर फॉर्मलिनचा थेंबही नको. ९५ टक्के किंवा त्याहून शुद्ध इथेनॉल घ्या, आणि इथे दुसरी चूक होते. ५० मिलिलिटर पाण्याच्या नमुन्यात ५० मिलिलिटर इथेनॉल ओतलं की बाटलीत जेमतेम ४७ टक्के उरतं. आधी नमुना जाळीवर गाळून पाणी शक्य तेवढं काढा, मग इथेनॉलमध्ये टाका आणि दुसऱ्या दिवशी ते बदला.

मऊ रोटिफर कोणत्याही द्रावणात पडले की आक्रसून गोळा होतात. ते जिवंत पाहा, किंवा आधी थोडा साधा सोडा वॉटर घालून गुंगी आणा आणि हालचाल मंदावली की जतन करा.

आता लेबल. ट्रेसिंग पेपरवर शिसपेन्सिलीने लिहून बाटलीच्या आत टाकायचं. गाव, तालुका, जिल्हा, अक्षांश-रेखांश, तारीख, पाण्याचा प्रकार, गोळा करणाऱ्याचं नाव, जतन कशात केलं. बाहेरचं लेबल केवळ सोयीसाठी. मी पहिल्या वर्षी बॉलपेनने लिहून बाटल्यांना बाहेरून चिकटवलं होतं. एका बाटलीचं झाकण सैल होतं, अल्कोहोल पाझरलं आणि खोक्यातल्या एकोणीस बाटल्यांवर निळे डाग तेवढे राहिले. आतले प्राणी उत्तम टिकले होते. त्यांतल्या एका बाटलीत फेअरी श्रिंप होते, नर आणि माद्या दोन्ही, आणि ते कुठल्या सड्यावरचे हे आजतागायत मला सांगता येत नाही. ती बाटली मी टाकलेली नाही, पण तिचा उपयोगही करता येत नाही.

तपासा: बाटली कपाटात ठेवण्याआधी झाकण घट्ट आहे का, आतलं लेबल बाहेरून वाचता येतं का, आणि वहीतला क्रमांक तोच आहे का.

सावधान: फॉर्मल्डिहाइडने कर्करोग होऊ शकतो. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा, आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याआधी नमुना पाण्याने नीट धुऊन घ्या.

पाऊस नसेल तेव्हा

मार्च-एप्रिलमध्ये हातावर हात ठेवून बसू नका. आटलेल्या डबक्यातली वरची दोन-तीन सेंटिमीटर कोरडी माती खरवडून कागदी पाकिटात आणा. घरी पांढऱ्या ट्रेमध्ये पसरून वर साठवलेलं पावसाचं किंवा आरओचं पाणी घाला. नळाचं नको, त्यातल्या क्लोरिनने पिल्लं मरतात. ट्रे उजेडात ठेवा आणि रोज सकाळी टॉर्च आडवी धरून पाहा. जागेवर सुप्त अंडी असतील तर बरेचदा दोन-तीन दिवसांतच धुळीच्या कणाएवढी पिल्लं झटके देत पोहताना दिसतात. फेअरी श्रिंप वाढले की ओळखू येतात ते पोहण्यावरून: पोट वर आणि पाठ खाली, अकरा जोड्या पाय लाटेसारखे एकामागून एक हलतात, आणि ती लाट कधी थांबत नाही. मी कितीदा तरी नोंद करायची सोडून नुसती पाहत बसले आहे.

टप्पा ५: निवडणं, आणि मोठा कोण हे ओळखणं

स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली नमुना थोडा थोडा घेऊन प्राणी गटवार वेगळे करा. या टप्प्यातली मुख्य चूक म्हणजे पिल्लाला मोठा प्राणी समजणं. कोपेपॉड अंड्यातून निघाल्यावर सहा नॉप्लिअस अवस्था आणि पाच कोपेपोडाइट अवस्था ओलांडतो, त्यानंतर प्रौढ होतो. पाचवी कोपेपोडाइट अवस्था प्रौढासारखीच दिसते, पण तिचे पाय पूर्ण घडलेले नसतात. तिच्यावरून नाव शोधलंत तर नाव चुकतंच, आणि कधी कधी "नवी जाती" सापडल्याचा भास होतो.

खूण सोपी आहे. अंड्यांच्या पिशव्या असलेली मादी नक्की प्रौढ. कोपेपॉडांच्या दोन मोठ्या उपगटांपैकी सायक्लोपॉइड मादीला दोन पिशव्या असतात, आपल्याकडच्या कॅलॅनॉइड म्हणजे डायाप्टोमिड मादीला एक. नर मिशांवरून ओळखा: कॅलॅनॉइड नराची फक्त उजवी मिशी गुडघ्यासारखी वळते, सायक्लोपॉइड नराच्या दोन्ही. डायाप्टोमिडांमध्ये नर हाताशी नसेल तर पुढे जाऊच नका. सायक्लोपॉइडांमध्ये उलट, मादी हवी.

तपासा: प्रत्येक जातीचे निदान पाच-सहा प्रौढ वेगळ्या कुपीत निघाले का? एकुलत्या एका नमुन्यावर कात्री चालवू नका.

टप्पा ६: पाय सुटा करणं आणि चित्र काढणं

हे काम घाईने होत नाही, म्हणून मीही इथे थोडी रेंगाळते.

अल्कोहोलमधला प्राणी थेट ग्लिसरीनमध्ये टाकला तर चुरगळतो. अल्कोहोल आणि ग्लिसरीन निम्मं-निम्मं करून त्यात ठेवा, झाकण अर्धवट उघडं ठेवा आणि रात्रभर अल्कोहोल उडू द्या. सकाळी प्राणी शुद्ध ग्लिसरीनमध्ये, काचेसारखा पारदर्शक झालेला असतो.

कीटक टाचायच्या सर्वांत बारीक पिना लाकडी काडीच्या टोकाला बसवा. अशा दोन सुया लागतात. एका सुईने धड दाबून धरायचं, टोचायचं नाही. दुसऱ्या सुईने मागच्या बाजूने सुरुवात करायची: आधी पोटाचा भाग वेगळा, मग पाचव्या पायाचा खंड, मग चौथा, तिसरा, असं पुढे. पुढून सुरुवात केली तर धड लवकर फाटतं आणि पाचवा पाय, ज्यासाठी हा सगळा खटाटोप, तोच हरवतो. हाताची कोपरं टेबलावर टेकलेली असू द्या. श्वास सोडताना सुई हलवा. चहा घेतल्यावर लगेच बसू नका, बोटं थरथरतात हे मी वर्षानुवर्षं पाहिलं आहे.

प्रत्येक भाग ग्लिसरीनच्या वेगळ्या छोट्या थेंबात, वेगळ्या कव्हरस्लिपखाली. अख्खा प्राणी ठेवायचा असेल तर कव्हरस्लिपच्या चार कोपऱ्यांखाली फुटक्या कव्हरस्लिपचे तुकडे टेकू म्हणून द्या, नाहीतर तो चिरडतो. कडा पारदर्शक नेलपॉलिशने दोनदा बंद करा. स्लाइडवर त्याच क्षणी बाटलीचा क्रमांक लिहा.

मग चित्र. फोटो काढाच, पण चित्र टाळू नका. फोटोत एका वेळी एकच पातळी नेमकी दिसते. चित्र काढताना फोकस वरखाली करत प्रत्येक काटा मोजावा लागतो. माझ्या विद्यार्थिनीने एका सायक्लोपॉइडच्या चौथ्या पायाचे अकरा फोटो काढले होते आणि दोन पाय जोडणाऱ्या पट्टीवरचे दातरे एकाही फोटोत नव्हते. पेन्सिल हातात घेतल्यावर अर्ध्या तासात ते तिला दिसले.

सावधान: स्केल नसलेलं चित्र निरुपयोगी. स्टेज मायक्रोमीटरवर एक मिलिमीटरचे १०० भाग असतात, प्रत्येक १० मायक्रॉनचा. प्रत्येक ऑब्जेक्टिव्हसाठी एकदा मोजून भिंतीवर तक्ता लावून ठेवा.

टप्पा ७: आता नाव

इतकं झाल्यावरच किल्ली उघडायची, म्हणजे ओळख-कोष्टक. कोष्टक कुठल्या प्रदेशासाठी लिहिलं आहे हे पहिल्या पानावर पाहा. युरोपातलं कोष्टक वापरलं की आपल्या तळ्यातला प्राणी युरोपातल्या जवळच्या नावावर जाऊन बसतो, कारण कोष्टकाला आपला प्राणी माहीतच नसतो.

मेसोसायक्लोप्स ल्यूकार्टी हा सायक्लोपॉइड कोपेपॉड त्याचं ढळढळीत उदाहरण. भारतातल्या कितीतरी याद्यांत हे नाव दिसतं. १९८१ साली जर्मन तज्ज्ञ कीफर यांनी या गटाची फेरतपासणी केली आणि ही जाती युरोप व लगतच्या पश्चिम आशियाकडची असल्याचं दाखवलं. तरीही जुन्या प्रबंधावरून नव्या प्रबंधात हे नाव उतरतंच आहे. तसंच "सायक्लोप्स". नारू या कृमिरोगाच्या काळात आरोग्य खात्याच्या भिंतीपत्रकांवर हा शब्द घराघरांत पोचला, कारण नारूच्या अळ्या या प्राण्याच्या शरीरात वाढायच्या. भारत २००० साली नारूमुक्त ठरला, शब्द मात्र राहिला. आपल्या विहिरी-तळ्यांत मिळतात ते बहुतेक मेसोसायक्लोप्स आणि थर्मोसायक्लोप्स. खरे सायक्लोप्स हे मुख्यतः थंड प्रदेशांतले.

रोटिफरांमध्ये काट्यांच्या लांबीवर भुलू नका. ब्रॅकिओनस कॅलिसिफ्लोरसच्या आसपास अस्प्लँक्ना हा शिकारी रोटिफर असेल तर त्याच्या पुढच्या पिढीला लांब काटे येतात. शिकारी नसेल तर काटे आखूड, किंवा नसतातच. एकाच आईच्या वंशातल्या दोन रूपांना दोन नावं दिलेली मी पाहिली आहेत.

जाती ठरत नसेल तर प्रजातीच्या (जीनसच्या) नावापुढे "एसपी. १" लिहा. एखाद्या जातीशी जुळतं पण खात्री नाही, तर मध्ये "सीएफ." घाला. परीक्षक याला अपुरं काम समजतील अशी भीती मुलांना वाटते. जाणता परीक्षक उलट यावरूनच तुमच्यावर विश्वास ठेवतो.

तपासा: यादीतल्या प्रत्येक नावासमोर स्लाइड किंवा कुपीचा क्रमांक लिहिता येतो का? ज्याच्यासमोर येत नाही ते नाव खोडा.

टप्पा ८: नमुना जमा करा, मग छापा

नमुने स्वतःच्या कपाटात ठेवू नका. माणूस बदली होतो, विभाग हलतो, अल्कोहोल उडतं. भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे. मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचा संग्रह आहे. आधी पत्रव्यवहार करून त्यांच्या पद्धतीने लेबल करा आणि नोंदणी क्रमांक घ्या. नवी जाती असेल तर २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार तिचे नमुने नेमून दिलेल्या संस्थेत जमा करावेच लागतात. तज्ज्ञ परदेशात असेल तर नमुने परस्पर पोस्टाने पाठवू नका. राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचे नियम आधी वाचा.

नवी जाती केवळ ऑनलाइन नियतकालिकात छापत असाल तर छापण्यापूर्वी झूबँक या प्राणिनामांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत नोंद झालेली असावी आणि तसा उल्लेख निबंधात असावा, नाहीतर नाव ग्राह्य धरलं जात नाही. पण पहिला निबंध नव्या जातीचा असावा हा हट्ट सोडा. एका तालुक्यातल्या तळ्यांची चित्रांसह, क्रमांकांसह दिलेली विश्वासार्ह यादी वीस वर्षांनीही वापरली जाते. पैसे घेऊन आठवड्यात छापणाऱ्या नियतकालिकांपासून लांब राहा, तिथे छापलेलं मागे घेता येत नाही आणि नंतर मुलाखतीत तेच पुढे येतं.

टप्पा ९: पोटापाण्याची सोय

पालक हा प्रश्न विचारतात आणि तो रास्त आहे. निव्वळ वर्गीकरणशास्त्राच्या जागा थोड्या आहेत, हे आधीच समजून घ्या आणि दोन पायांवर उभे राहा: एक पाय वर्गीकरणाचा, दुसरा पाण्याच्या गुणवत्तेचा, विषशास्त्राचा किंवा मत्स्यपालनाचा.

नेहमीचा मार्ग म्हणजे प्राणिशास्त्रात एमएस्सी, मग नेट आणि पीएचडी. २०२३ पासून कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती महिना ३७,००० रुपये आहे आणि दोन वर्षांनी ती ४२,००० होते. पीएचडीला किमान तीन वर्षं लागतात, या विषयात दोन-तीन पावसाळे हाताशी हवेतच, म्हणून प्रवेश मे-जूनआधी होईल असं पाहा. प्राध्यापकीसाठी राज्याची सेटही चालते.

दुसरा मार्ग मुलांना माहीत नसतो. कीटकनाशकं आणि रसायनं बाजारात आणण्याआधी त्यांची पाण्यातल्या जिवांवर चाचणी होते. डॅफ्निया या क्लॅडोसेरावरची ४८ तासांची चाचणी, म्हणजे ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची क्रमांक २०२, त्यांतली अगदी मूलभूत. तिला २४ तासांहून लहान पिल्लं लागतात, म्हणजे निरोगी डॅफ्निया वर्षभर वाढवता येणारा माणूस लागतो. २१ दिवसांच्या प्रजनन चाचणीला तर जास्तच. घरी दोन बरण्यांत सहा महिने डॅफ्निया किंवा मॉइना हा दुसरा क्लॅडोसेरा टिकवून रोजची नोंद ठेवलीत तर मुलाखतीत ती वही दाखवा. मत्स्यबीज केंद्रांना पिल्लांच्या खाद्यासाठी रोटिफर आणि मॉइना वाढवणारी माणसं हवी असतात. पर्यावरणीय परिणाम अहवाल करणाऱ्या सल्लागार संस्थांना परिसंस्था आणि जैवविविधतेचे मान्यताप्राप्त तज्ज्ञ लागतात. तिथे काम घेतलंत तर एका दिवसाच्या फेरीवरून वर्षाचा अहवाल लिहायला नकार देण्याची तयारी ठेवा.

शेवटी मार्गदर्शकाला लिहायचं पत्र. "मला सूक्ष्म प्राण्यांची फार आवड आहे" अशी पत्रं आमच्याकडे ढिगाने येतात आणि त्यांना काय उत्तर द्यावं कळत नाही. पत्र चार ओळींचं असू द्या: कोणती जागा, किती फेऱ्या, कोणता गट, कुठे अडलं. सोबत एकच चित्र जोडा, स्केलसह, ज्याच्या कोपऱ्यात बाटलीचा क्रमांक आहे. खाली नाव लिहिलेलं नसलं तरी चालेल, "एसपी. १" पुरे.